ऑफिसचा कॉम्प्युटर घरच्या ब्राउझरमध्ये: रिमोट डेस्कटॉप चालतो कसा, आणि कोड कुणाला द्यायचा?

कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकल पकडली तरी एका बाजूचा तासाभराचा प्रवास ठरलेला. पावसात रुळांवर पाणी आलं की तोही भरवसा नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि लोकल बंद झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा लोकलमध्ये चढायला मिळालं ते थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळेत. या काळात कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांत एक शब्द नव्याने ऐकू आला: 'रिमोट'. कॉम्प्युटर ऑफिसात, माणूस घरात आणि काम मात्र त्याच कॉम्प्युटरवर.

आता तर यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. ब्राउझरची एक टॅब उघडली की काम सुरू. पण नेमक्या याच सोयीचा वापर करून लोकांची बँक खातीही रिकामी केली जातात. म्हणून ही गोष्ट चालते कशी, हे समजून घ्यायला हवं.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे नेमकं काय?

अनेकांना वाटतं की ऑफिसातल्या फाइल्स आपल्या लॅपटॉपवर येतात. तसं नसतं. फाइल, सॉफ्टवेअर, प्रोसेसर सगळं तिकडेच राहतं. तुमच्याकडे येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र. तुमच्याकडून तिकडे जातं ते माउसचं हलणं आणि कीबोर्डवर दाबलेली बटणं.

दरवेळी अख्खी स्क्रीन पाठवली तर इंटरनेटचा दम निघेल. त्यामुळे स्क्रीनचा जेवढा भाग बदलला, तेवढाच पाठवला जातो. म्हणूनच एक्सेलमध्ये आकडे भरताना सगळं सुरळीत चालतं, पण तिकडे व्हिडिओ लावला की चित्र अडखळतं.

ही कल्पना किती जुनी?

केंब्रिजमधल्या एका संशोधन प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' ही पद्धत तयार झाली आणि १९९८ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत खुली झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'आरडीपी' ही स्वतःची पद्धत विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हरमधून आणली. आजची बहुतेक साधनं या दोन पद्धतींवर किंवा त्यांच्यासारख्याच कल्पनेवर उभी आहेत. पूर्वी मात्र दोन्ही टोकांना सॉफ्टवेअर बसवावं लागायचं.

मग ब्राउझरमधून कसं जमतं?

ब्राउझर आता फक्त वेबपेज दाखवत नाही. तो सतत बदलणारं चित्र रंगवू शकतो, तुमची बटणं टिपू शकतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरशी सलग संपर्क ठेवू शकतो. या क्षमतेचा वापर साधारण तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार: क्रोम रिमोट डेस्कटॉप. गुगलची ही सेवा मोफत आहे. ज्या कॉम्प्युटरवर पोहोचायचं आहे, त्यावर एक छोटं सॉफ्टवेअर बसवून किमान सहा आकडी पिन ठरवायचा. मग दुसरीकडून त्याच गुगल खात्याने लॉगिन करून पिन टाकला की स्क्रीन समोर. दोन्ही कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर, म्हणजे गुगलकडे संपर्क साधतात आणि गुगल त्यांची गाठ घालून देतं. त्यामुळे घरच्या राउटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही.

दुसरा प्रकार: गेटवे. 'अपाचे ग्वाकामोली' हे याचं मोफत आणि मुक्त उदाहरण. कंपनी आपल्या सर्व्हरवर ते बसवते. कर्मचारी ब्राउझरमधून त्या सर्व्हरवर येतो आणि सर्व्हर आतल्या कॉम्प्युटरशी आरडीपी किंवा व्हीएनसीने बोलतो. सर्व्हर मध्ये दुभाष्याचं काम करतो. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर काहीच बसवावं लागत नाही आणि कोण कधी आत आलं याची नोंद एकाच ठिकाणी ठेवता येते.

तिसरा प्रकार: क्लाउडमधला कॉम्प्युटर. इथे टेबलावर कॉम्प्युटरच नसतो. मायक्रोसॉफ्टची ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेली 'विंडोज ३६५' ही सेवा डेटा सेंटरमधला विंडोज कॉम्प्युटर महिन्याच्या भाड्याने देते आणि तो ब्राउझरमध्ये उघडतो.

वापरताना अडचणी कुठे येतात?

- कॉम्प्युटर झोपला तर: तिकडचा कॉम्प्युटर 'स्लीप'मध्ये गेला किंवा तिथली वीज गेली, तर घरून काहीही करता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागात वीज गेली होती. अशा दिवशी घरचं इंटरनेट सुरू असूनही उपयोग नसतो. निघण्याआधी स्लीप सेटिंग बंद करा.
- विंडोजची आवृत्ती: विंडोजच्या 'होम' आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीने बाहेरून आत येता येत नाही. त्यासाठी 'प्रो' आवृत्ती लागते.
- शॉर्टकट: कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की तिकडची फाइल बंद होण्याऐवजी तुमची ब्राउझर टॅबच बंद होऊ शकते. फुल स्क्रीन केल्यावर हा त्रास कमी होतो.
- मराठी टायपिंग: दोन्हीकडे मराठी कीबोर्ड सुरू असेल तर अक्षरांचा गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे इंग्रजी ठेवून तिकडच्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट सुरू करून पाहा.
- उघडी स्क्रीन: काही साधनांत तुम्ही घरून जे करता, ते ऑफिसातल्या मॉनिटरवरही दिसत राहतं. पगारपत्रक उघडण्याआधी हे तपासा.

आणखी एक. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या मनाने रिमोट सॉफ्टवेअर बसवू नका. आयटी विभागाची परवानगी घ्या. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

धोका नेमका कुठे आहे?

मुलगी पुण्यात, आईवडील कल्याणला. वडिलांचा प्रिंटर चालत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये वडील 'स्क्रीन शेअर करा' निवडतात आणि त्यांना १२ आकडी कोड मिळतो. तो मुलीला फोनवर सांगितला, परवानगीचं बटण दाबलं की ती पुण्यातून प्रिंटर दुरुस्त करते. कोड एकदाच चालतो. शेअरिंग लांबलं तर दर ३० मिनिटांनी पुन्हा परवानगी विचारली जाते.

आता मुलीच्या जागी अनोळखी आवाज ठेवा. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलं आहे", "वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री कनेक्शन कापलं जाईल". कोड तोच, बटण तेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना नेमका याच पद्धतीचा इशारा दिला होता: ग्राहकाला 'एनीडेस्क' डाउनलोड करायला लावायचं, नऊ आकडी कोड मागून घ्यायचा आणि फोनचा ताबा मिळवून पैसे काढायचे. अ‍ॅप स्वतः बेकायदेशीर नाही. हजारो आयटी कर्मचारी ते रोज वापरतात. फसवणूक कोड मागणाऱ्याची असते.

इथे 'ओटीपी कुणाला सांगू नका' हा सल्लाही पुरत नाही. ओटीपी सांगायची गरजच उरत नाही, समोरचा तो तुमच्याच स्क्रीनवर वाचतो.

म्हणून फरक ओळखायचा तो एका प्रश्नाने: फोन कुणी केला? मदत हवी म्हणून तुम्ही ओळखीच्या माणसाला फोन केला असेल, तर कोड देता येतो. मदत करतो म्हणून समोरून फोन आला असेल, तर द्यायचा नाही. बँक किंवा महावितरण तुमच्या स्क्रीनचा ताबा मागत नाही.

कोड दिला गेलाच तर?

१. आधी इंटरनेट तोडा. वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. संपर्क तिथेच तुटतो.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा.
३. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.
४. रिमोट अ‍ॅप काढून टाका आणि दुसऱ्या उपकरणावरून सगळे पासवर्ड बदला.

यात वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. त्यामुळे लाजेपोटी गप्प बसण्यात गेलेला अर्धा तास महागात पडू शकतो.

घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा. रिमोटचा कोड म्हणजे घराची किल्ली. ती कुणाला द्यायची हे आपण ठरवायचं, फोन करणाऱ्याने नाही.