परिपथ विश्लेषण : सोडवलेल्या उदाहरणांतून अध्ययन

इलेक्ट्रॉनिक परिपथातील, म्हणजे सर्किटमधील, निरनिराळ्या बिंदूंचे विभव आणि शाखांमधील विद्युतधारा काढणे म्हणजे परिपथ विश्लेषण. हे सोडवलेल्या उदाहरणांतून शिकण्याच्या पद्धतीत उदाहरण एकेका पायरीने उलगडत जाते. मधल्या काही पायऱ्या कोऱ्या ठेवलेल्या असतात. त्या विद्यार्थ्याने भरायच्या आणि चूक झाली तर ती पुढच्या पायरीवर जाण्याआधीच त्याला कळावी, अशी ही रचना असते.

विश्लेषणाचा पाया म्हणजे गुस्टाव किरचॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थिदशेत मांडलेले दोन नियम. नोडपाशी, म्हणजे शाखा जुळतात त्या बिंदूपाशी, येणारी आणि जाणारी धारा सारखीच असते. बंद लूपमधील विभवांतरांची बेरीज शून्य येते. नियम पाठ व्हायला वेळ लागत नाही. विद्यार्थी अडतो तो ते वापरताना : शून्य विभवाचा नोड कोणता मानायचा, धारेची दिशा कोणती धरायची, अधिक-उणे कुठे लिहायचे.

एक साधे उदाहरण पाहू. १२ व्होल्टच्या स्रोताला २ आणि ४ किलोओहमचे रोध एकसर जोडले आहेत. ४ किलोओहमच्या रोधाचे दुसरे टोक शून्य विभवाला आहे. मधल्या नोडचे विभव क्ष मानले, तर नोडमधून बाहेर जाणाऱ्या धारांचे समीकरण (क्ष − १२)/२ + क्ष/४ = ० असे होते आणि क्ष = ८ व्होल्ट मिळतात. विद्यार्थ्याने पहिले पद उलटे, (१२ − क्ष)/२ असे लिहिले तर उत्तर २४ येते. एकच स्रोत आणि बाकी नुसते रोध असलेल्या परिपथात कुठल्याही दोन बिंदूंमधील विभवांतर स्रोताच्या व्होल्टेजपेक्षा जास्त असू शकत नाही. चांगले उदाहरण इथे ‘चूक’ एवढेच सांगत नाही. २४ व्होल्ट कुठून येतील, असे विचारते. पुढच्या पायरीवर ४ किलोओहमच्या रोधाला तेवढ्याच रोधाचा भार समांतर जोडायचा. पुष्कळ जण ८ व्होल्टच कायम धरतात. प्रत्यक्षात समांतर जोडीचा रोध २ किलोओहम होतो आणि विभव ६ व्होल्टवर उतरते. हेच उत्तर थेवेनिनच्या प्रमेयाने, म्हणजे भाराखेरीजच्या परिपथाऐवजी एक स्रोत आणि एक रोध मानून, पुन्हा काढायला लावले, की दोन रीतींचे नातेही उमगते.

या पद्धतीमागे शिक्षणमानसशास्त्रातील संशोधन आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरील प्रयोगांतून दाखवले, की नवशिक्यांना सुरुवातीला गणितांशी झुंजायला लावण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला देणे अधिक उपयोगी पडते. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांच्या १९८९ मधील अभ्यासात प्रत्येक पायरीचे कारण स्वतःला समजावत जाणारे विद्यार्थी पुढे सरस ठरले. म्हणूनच पायऱ्या क्रमाने कोऱ्या करत जाणे हा या पद्धतीचा गाभा आहे. विद्यार्थी तयार झाला की तपशीलवार उदाहरण त्याला अडचणीचेच ठरते. तेव्हा संपूर्ण गणित त्याच्या हाती द्यावे.

परिपथ संगणकावर चालवून दाखवणारा सिम्युलेटर हे या शिक्षणाचे मोठे साधन आहे. बर्कली येथे १९७३ मध्ये पुढे आलेला ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम अभियंत्यांसाठी होता. पुढे तोच वर्गातही आला. एमआयटीने मार्च २०१२ मध्ये सुरू केलेल्या सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमात परिपथ रेखाटून तपासण्याची सोय पडद्यावरच होती. नोंदणी दीड लाखांवर गेली, उत्तीर्ण मात्र सात हजारांच्या आसपास झाले. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ‘ई-सिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले असून महागडे परवाने न परवडणाऱ्या महाविद्यालयांना त्याचा मोठा आधार आहे.

वरच्या उदाहरणात सिम्युलेटर ६ व्होल्ट दाखवतो, पण ते का आले हे सांगत नाही. आधी हाताने आकडा काढून घ्यावा, मग बटण दाबावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कोणत्या पायरीवर फारकत झाली ते शोधायला लावावे; या शोधात जे शिकून होते, ते तयार आलेख पाहून होत नाही.