गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली कॉफी

अशोक स्तंभापासून निघून केटीएचएम महाविद्यालय, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे टप्पे घेत धरणाकडे जाणारा गंगापूर रोड हा नाशिकमधील तरुणाईचा रस्ता मानला जातो. या रस्त्यावर कॉफी शोधणाऱ्याला मोठ्या साखळी दुकानांचे फलक लगेच दिसतात. एखाद्याने स्वतःच्या हिमतीवर चालवलेले छोटे कॉफीगृह मात्र सहसा आतल्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा इमारतीच्या मागच्या अंगाला सापडते. त्यात गूढ काही नाही. दर्शनी गाळ्याचे भाडे परवडत नाही, एवढेच.

चहा-मिसळीच्या या गावात कॉफी म्हणजे बरीच वर्षे घरची, दुधातली, वर जायफळ किसलेली. बाहेरच्या कॉफीचा इतिहास वेगळा आहे. इंडिया कॉफी हाऊसची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला झाली. पुढे कॉफी बोर्डाने ही उपाहारगृहे बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालवली. उत्पादकांवर मात्र आपली कॉफी बोर्डाकडेच जमा करण्याचे बंधन होते. १९९२ पासून ते टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ मध्ये विक्रीची पूर्ण मोकळीक मिळाली. त्याच वर्षी बंगळुरूत कॅफे कॉफी डे सुरू झाले आणि २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आले. चर्चा साखळ्यांचीच झाली, पण या मोकळिकीचा खरा लाभ लहान दुकानदाराला आहे. चिकमंगळूर किंवा कूर्गच्या एखाद्या मळ्यातून तो थोडे दाणे थेट मागवू शकतो. गल्लीतल्या दुकानाचे वेगळेपण टिकते ते यामुळेच.

अशा ठिकाणी प्रथमच जाणाऱ्याने सजावटीपेक्षा दाण्यांच्या पाकिटाकडे पाहावे. मळ्याचे नाव आणि भाजणीची तारीख लिहिलेली असेल तर दुकानदार कामात गंभीर आहे, असे समजायला हरकत नाही. भाजल्यानंतर दाण्यांतून कर्बवायू बाहेर पडत राहतो. त्यामुळे काही दिवस विसावलेले दाणे चांगले लागतात, तर महिनोन्‌महिने पडून राहिलेले निस्तेज होतात. दळलेल्या पुडीचा सुगंध त्याहून लवकर उडतो. म्हणूनच मागणीनंतर दाणे दळण्याचा आवाज येतो का, हे ऐकावे. एस्प्रेसोसाठी साधारण नऊ बार दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत अर्क उतरवला जातो. दळण जाड झाले तर कॉफी पाणचट होते आणि फार बारीक झाले तर कडवट. फिल्टर कॉफी मागवताना चिकोरी किती, हे विचारण्यात गैर काही नाही. नियमानुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते.

पाण्याचा विषय सहसा कोणी काढत नाही. काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. नाशिकला पाणी पुरवणारे गंगापूर धरण याच रस्त्याच्या टोकाला आहे. बोअरचे कठीण पाणी वापरल्यास चव दबते, शिवाय यंत्रात क्षार धरतात. त्यामुळे गाळण यंत्रावरचा खर्च टाळता येत नाही.

खर्चाचे गणित इथेच अवघड होते. उपाहारगृहांना पाच टक्के जीएसटी आकारता येतो, परंतु नोव्हेंबर २०१७ पासून त्या दरावर खरेदीतील कराची वजावट मिळत नाही. यंत्रावर भरलेला कर दुकानदाराच्याच अंगावर पडतो. त्यात टेबले मोजकी. विद्यार्थी एक कप घेऊन तीन तास अभ्यास करत बसला, तर ते टेबल त्या दिवसापुरते जवळपास फुकटच गेले. त्याला उठवावे तर ग्राहक तुटतो, बसू द्यावे तर भाडे निघत नाही. घरी नेण्यासाठी दाण्यांची पाकिटे विकणे, ही त्यावरची त्यातल्या त्यात चालणारी तोड. पाकिटाला टेबल अडवून ठेवावे लागत नाही.

महाविद्यालये सुटण्याच्या वेळी अशा दुकानांत जागा मिळणे कठीण. शनिवार-रविवारी वायनरीकडे निघालेल्या मोटारींमुळे रस्ताही तुंबतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेल्यास निवांत बसता येते, आणि दाणे कुठले, कधी भाजले, हे विचारायला काउंटरवर सवडही असते.