'ओ' दिसणारं, पण 'ओ' नसलेलं रक्त

मंडळी, शिबिरात कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहून मिळालं की आपण वाशिमकर निर्धास्त. पण 1952 साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये वेगळंच रक्त नोंदवलं. साध्या तपासणीत 'ओ'सारखं. पण त्याचं सीरम 'ओ'च्या पेशींनाही धरून गुठळ्या करायचं! पेशींवर 'एच' हा घटकच नाही, उलट त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं हजर. त्यांचा जोर मोजायची रीत सोपी: सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, गुठळ्या कुठवर होतात ते बघायचं. हाच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. (शहराचं नाव बदललं, गटाचं नाही.) अशा रुग्णाला 'ओ' चढवलं तर जिवावर बेततं. रक्तपेढीबाहेर "क्रॉसमॅच कशाला, ओच आहे ना, द्या लवकर" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.