कंदासारख्या गाठी : एका निदानाचा इतिहास

ट्यूबरस स्क्लेरॉसिस हे नाव प्रथमच ऐकणाऱ्याला बहुधा ट्यूबरक्युलॉसिस, म्हणजे क्षयरोग आठवतो. दोन्ही नावांचे मूळ एकच आहे. लॅटिन भाषेत 'ट्यूबर' म्हणजे कंद किंवा फुगीर गाठ आणि 'ट्यूबरक्युलम' म्हणजे लहानशी गाठ. पण साम्य एवढ्यावरच संपते. क्षयरोग जंतूंमुळे होतो व एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. ट्यूबरस स्क्लेरॉसिस हा जनुकीय विकार आहे, तो संसर्गजन्य नाही. सुमारे ६००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंडे, डोळे, फुप्फुसे अशा अनेक अवयवांत त्यामुळे गाठी होतात. यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु नको त्या जागी वाढल्या तर त्या जिवावर बेतू शकतात.

हा विकार ओळखायला डॉक्टर कसे शिकले, याची हकिगत दीडशेहून अधिक वर्षांची आहे. रोगाची व्याख्या कोणत्या रुग्णांना पाहून केली जाते, यावर पुढे कोणते रुग्ण आपल्या नजरेस पडणार हे ठरते, असे या हकिगतीत दिसते. मुलांना रोज जवळून पाहणाऱ्या शिक्षकांनी ती वाचावी असे आम्हाला वाटते, ते यासाठीच.

शवविच्छेदनातून मिळालेले नाव

१८६२ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिख फोन रेकलिंगहाउझेन या शास्त्रज्ञाने एका नवजात बालकाच्या शवविच्छेदनाची माहिती सादर केली. त्या बालकाच्या हृदयात गाठी होत्या व मेंदूत काही ठिकाणी कठीण भाग आढळले होते. दोन्ही गोष्टींची नोंद झाली, पण त्या एकाच विकाराची अंगे आहेत हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

विकाराला नाव मिळाले ते १८८० मध्ये, पॅरिसमध्ये. देझिरे-माग्लुआर बूर्नव्हिल हे प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य. साल्पेत्रिएर रुग्णालयातील एका पंधरा वर्षांच्या मुलीला आकड्या येत, तिची बौद्धिक वाढ खुंटलेली होती आणि चेहऱ्यावर पुरळ होते. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा वळ्यांवर जागोजागी पांढुरक्या, टणक, कंदासारख्या उंचवट्यांच्या गाठी दिसल्या. त्यावरून बूर्नव्हिल यांनी 'मेंदूच्या वळ्यांचे कंदाकार काठिण्य' अशा अर्थाचे नाव दिले. तिच्या मूत्रपिंडातही गाठी होत्या. त्यांचा मेंदूशी संबंध नसावा असे त्यांना वाटले. पुढच्याच वर्षी ब्रिसो यांच्याबरोबर दुसरा रुग्ण अभ्यासताना मात्र मेंदूतील व मूत्रपिंडातील गाठी पुन्हा एकत्र सापडल्या, आणि हा योगायोग नसावा अशी शंका बळावली.

बूर्नव्हिल यांची आणखी एक ओळख शिक्षकांना असायला हवी. मंदबुद्धी व अपस्मार असलेल्या मुलांना त्या काळी कोंडून ठेवण्यापलीकडे काही केले जात नसे. बूर्नव्हिल यांनी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात अशा मुलांसाठी शाळा व कार्यशाळा चालवल्या. या मुलांना शिकवता येते, हे सेगँ यांनी त्यांच्या आधीच दाखवले होते. ते काम त्यांनी पुढे नेले. मारिया माँटेसरी यांनीही सेगँ यांच्या पद्धतींचा अभ्यास करताना बिसेत्र पाहिले होते. ज्या बालशिक्षणाच्या साधनांशी माँटेसरींचे नाव आपल्याकडे जोडलेले आहे, त्यांचा एक धागा असा या रुग्णालयापर्यंत जातो.

तीन खुणांचा नियम

मेंदू मृत्यूनंतरच पाहता येत होता. जिवंतपणी निदान करायचे तर बाहेर दिसणारी खूण हवी. ती चेहऱ्यावर सापडली. १८९० मध्ये प्रिंगल या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी नाक व गालांवर उठणाऱ्या बारीक तांबूस पुटकुळ्यांचे वर्णन केले. त्या तेलग्रंथींच्या गाठी आहेत, असे समजून त्यांना तसे नाव दिले गेले. खरे तर त्या रक्तवाहिन्या व तंतुमय ऊतींच्या गाठी असतात. चुकीचे नाव मात्र कित्येक दशके चालत राहिले.

१९०८ साली हाइनरिख फोग्ट या जर्मन डॉक्टरांनी हे सारे धागे एकत्र आणले. अपस्माराचे झटके, बौद्धिक मंदता आणि चेहऱ्यावरील पुरळ या तिन्ही खुणा एका रुग्णात दिसल्या, की ट्यूबरस स्क्लेरॉसिस समजावा, असा नियम त्यांच्या नावाने रूढ झाला. हृदय व मूत्रपिंडातील गाठी याच विकाराचा भाग आहेत, हेही त्यांनी नोंदवले. मोठीच प्रगती होती ती. आता शवविच्छेदनाची वाट पाहायला नको होती.

पण हा नियम ज्या रुग्णांवरून बनला, ते होते कुठे? बहुतेक सारे मनोरुग्णालयांत व आश्रमगृहांत. म्हणजे ज्यांचा विकार सर्वांत तीव्र, तेच डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते. ज्याला फक्त चेहऱ्यावर पुरळ आहे व जो नोकरी करून संसार चालवतो, असा माणूस तिथे येणार कशाला? साहजिकच बौद्धिक मंदता ही निदानाची अटच होऊन बसली. बुद्धी शाबूत असलेले रुग्ण असू शकतात, हे शूस्टर यांनी १९१४ मध्येच सांगितले होते. क्रिचली व अर्ल यांनी १९३२ मध्ये त्वचेवरील फिकट चट्ट्यांकडे व मुलांच्या स्वतःतच गुंतून राहण्याच्या वागण्याकडे लक्ष वेधले होते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले, ते त्यानंतर अकरा वर्षांनी. तरी पाठ्यपुस्तकांत तीन खुणाच राहिल्या.

अखेर १९६७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लागोस व गोमेझ यांनी ७१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या बुद्धीची माहिती होती, त्यांपैकी सुमारे ३८ टक्के रुग्णांची बुद्धी सर्वसाधारण होती! गोमेझ यांनी पुढे आणखी रुग्ण तपासले, तेव्हा तिन्ही खुणा एकत्र असणारे एक तृतीयांशही भरले नाहीत. जवळजवळ साठ वर्षे वापरलेली चाळणी बहुसंख्य रुग्णांना गाळून टाकत होती.

याची किंमत कुटुंबांनी मोजली. हा विकार प्रभावी जनुकाने येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मात्र सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत तो नव्याने झालेल्या उत्परिवर्तनामुळे येतो, आईवडिलांत नसतो. आता समजा, पहिल्या मुलाला विकार आहे आणि वडिलांच्या अंगावर फक्त दोन-चार फिकट चट्टे व नखाच्या कडेला एक गाठ आहे. जुन्या नियमाने वडील निरोगी ठरणार. 'पुढच्या मुलाची काळजी नको' असा सल्ला मिळणार. आणि तो धोका प्रत्यक्षात असणार निम्मा.

आत पाहणारे डोळे

१९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता येऊ लागले. मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतींवर असणाऱ्या, कॅल्शियम साचलेल्या लहान गाठी त्यात स्पष्ट दिसत. पुढे एमआरआयने बूर्नव्हिल यांनी हातांनी चाचपलेल्या कंदाकार गाठीही दाखवल्या. पोकळीजवळची एखादी गाठ वाढत जाऊन मेंदूतील द्रवाची वाट अडवू शकते. अशा वेळी डोकेदुखी, उलट्या व दृष्टीवर परिणाम होतो आणि तातडीने उपचार लागतात. सोनोग्राफीने मूत्रपिंडातील गाठी दिसतात. त्या मोठ्या झाल्या तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हृदयातील गाठी तर गर्भावस्थेतच दिसू शकतात. गंमत अशी, की जन्मानंतर या गाठी बहुधा आपोआप आक्रसत जातात, तर मूत्रपिंडातील गाठी वयाबरोबर वाढतात. म्हणून एकदा निदान करून भागत नाही, ठरावीक काळाने तपासण्या कराव्या लागतात.

साध्या उपकरणांनीही हातभार लावला. त्वचेवरील फिकट चट्टे अतिनील किरणांच्या वुड दिव्याखाली उठून दिसतात. अॅश या झाडाच्या पानासारखा, एका टोकाला गोल व दुसऱ्याला निमुळता, असा त्यांचा आकार असतो, हे १९६८ मध्ये फिट्झपॅट्रिक व सहकाऱ्यांनी मांडले. चेहऱ्यावरील पुरळाच्या कितीतरी आधी, तान्हेपणीच हे चट्टे असतात.

जनुकाचा शोध लागण्यात रक्तगटाची मदत झाली, हे विद्यार्थ्यांना नक्की आवडेल. काही कुटुंबांत हा विकार आणि एबीओ रक्तगट बरोबरीने पुढच्या पिढीत जातात, असे १९८७ मध्ये आढळले. रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. म्हणजे विकाराचे जनुकही त्याच्या शेजारी असणार. काही कुटुंबांत मात्र हा मेळ बसेना, कारण जनुके दोन होती. सोळाव्या गुणसूत्रावरचे १९९३ मध्ये हाती आले, नवव्यावरचे १९९७ मध्ये. या दोन जनुकांपासून बनणारी प्रथिने मिळून पेशीच्या वाढीला ब्रेक लावतात. त्यांपैकी एक निकामी झाले की ब्रेक सुटतो व गाठ होते. हा ब्रेक एमटॉर नावाच्या प्रथिनावर चालतो, हे २००२ च्या सुमारास फळमाशीवरील व पेशींवरील प्रयोगांतून उलगडले.

योगायोग असा, की एमटॉरला रोखणारे रॅपामायसिन हे औषध आधीच तयार होते. ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळे करणाऱ्या गटाचे प्रमुख होते बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल. या औषधाने मेंदूतील गाठी लहान होतात, असे २००६ मध्ये दिसले. त्याच जातीच्या एव्हरोलिमसला अमेरिकेत २०१० मध्ये मेंदूतील वाढणाऱ्या गाठींसाठी मान्यता मिळाली. निदान लवकर होण्याला त्यामुळे नवा अर्थ आला.

आजचे निदान

१९९८ मध्ये तज्ज्ञांनी निकष नव्याने ठरवले. एका खुणेवर विसंबायचे नाही. प्रमुख व दुय्यम अशा दोन याद्या करायच्या आणि दोन प्रमुख खुणा आढळल्या तर निदान पक्के मानायचे. झटके व बौद्धिक मंदता, म्हणजे फोग्ट यांच्या तीनपैकी दोन खुणा, या यादीत नाहीतच! २०१२ च्या परिषदेत जनुकातील विकारकारक बदल हा एकटाही निदानाला पुरेसा ठरला. पण जनुकतपासणीत काही न सापडले, म्हणून विकार नाही असे म्हणता येत नाही.

शिक्षकाने निदान करायचे नसते, पण पाहायचे नक्कीच असते. आपल्याकडे अंगावर फिकट चट्टा दिसला, की कुष्ठरोगाची धास्ती वाटते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी झालेली असते. या विकारातील चट्ट्यावर ती शाबूत असते. एखादा फिकट चट्टा निरोगी मुलांतही असतो. परंतु तीन किंवा अधिक चट्टे, वयात येण्याच्या पुष्कळ आधी नाकागालांवर मुरमांसारखे पुरळ, आणि त्याबरोबर झटके किंवा मध्येच हरवल्यासारखे होणे, असे दिसले तर पालकांना बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला सांगावे. मूल हुशार आहे म्हणून शंका सोडून देऊ नये, आणि निदान झाले म्हणून त्या मुलाला मंद समजू नये.

आनुवंशिकता शिकवताना वर्गात हा प्रश्न द्यावा : आईवडील दोघेही निरोगी दिसतात व मुलाला प्रभावी जनुकाचा विकार आहे, तर कोणत्या दोन शक्यता संभवतात, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवण्यासाठी कोणाला तपासावे लागेल?