वर्गातून ओसरीवर

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले. त्यानंतर शहरात आणखी महाविद्यालये निघाली आणि वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ या गोष्टी विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या झाल्या. या मंडळांचे मूळ शोधू लागलो, तर आपण १८४८ सालच्या मुंबईत पोचतो.

त्या वर्षी जूनमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षे होती. सभासदाने निबंध वाचायचा व इतरांनी त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत होती. नुसते ऐकून घेणे पुरेसे नव्हते.

पण ही चर्चा इंग्रजीत चाले. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचे काय? म्हणून त्याच वर्षी मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक सुरू झाले. ते १८६७ पर्यंत चालले. शिकलेला विषय मातृभाषेत मांडताना आपल्याला तो कितपत कळला आहे, हे आपोआप तपासले जाते. या तरुणांना ही संधी सभेने दिली.

तरीही घरातल्या मुली ज्ञानापासून दूरच होत्या. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा काढली होती. मुंबईत १८४९ साली सोसायटीच्या सभासदांनी मुलींचे वर्ग सुरू केले. सकाळी, स्वतःचे नेहमीचे काम सुरू होण्यापूर्वी, ते विनावेतन शिकवीत. त्यांत दादाभाई नौरोजी होते. पुढे एल्फिन्स्टनमध्येच ते गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. वर्गासाठी ओसरी मिळावी म्हणून हे तरुण घरोघर फिरले. काही ठिकाणी जागा मिळाली. काही ठिकाणी संतापलेल्या वडिलांनी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली. तरीही वर्ग चालू राहिले व त्यांतून मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या.

आज विज्ञान मंडळाचे उद्घाटन थाटात होते आणि पुष्कळदा काम तिथेच थांबते. शिक्षकांनी एवढे करून पाहावे: महिन्यातून एका विद्यार्थ्याने एक विषय मराठीत मांडावा, इतरांनी प्रश्न विचारावेत आणि तोच विषय त्याने जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन समजावून सांगावा. याला खर्च येत नाही.