जोगलटेंभीचा नाणेनिधी : पुनर्मुद्रांकित नाण्यांची ओळख आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

प्राचीन दख्खनच्या इतिहासाची साधने म्हणून शिलालेख व नाणी यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. शिलालेख बहुधा मूळ जागी राहतो. नाणे मात्र हातोहाती फिरते, वितळविले जाते, विकले जाते. त्यामुळे त्याची साक्ष अधिक नाजूक असते. यंत्राने नाणी पाडण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला जाई. प्रत्येक घाव स्वतंत्र असल्याने एकाच ठशातून निघालेली दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. अशा नाण्यांच्या अभ्यासाचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे इ.स. १९०६ मध्ये सापडलेला नाणेनिधी होय. पुनर्मुद्रांकित नाणी कशी ओळखावीत आणि त्यांच्या आधारे कोणते निष्कर्ष काढता येतात, कोणते काढता येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

निधीचे स्वरूप

या निधीत चांदीची सुमारे १३,२५० नाणी होती. ती सर्व मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा ठोकला होता. उरलेली सुमारे चार हजार नाणी मूळ स्वरूपात होती. या निधीचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला व तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, इ.स. १९०८ मध्ये, ई. जे. रॅप्सन यांची आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांची ब्रिटिश म्युझियमची सूची प्रकाशित झाली. त्यानंतर सातवाहन-क्षत्रप संघर्षाची चर्चा या निधीला वगळून करणे कोणालाच शक्य राहिले नाही.

नहपानाचे नाणे वजनाने सुमारे दोन ग्रॅम. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतील लेख. मागील बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. ब्राह्मी लेखात ‘राञो क्षहरातस नहपानस’ अशी अक्षरे येतात. ग्रीक लेख म्हणजे भाषांतर नसून याच शब्दांचे ग्रीक अक्षरांत केलेले लिप्यंतर आहे. या घडणीवर इंडो-ग्रीक नाण्यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. अपोलोडोटस व मिनँडर यांची जुनी द्रम्मे भडोच बंदरात चालत असल्याचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

गौतमीपुत्राच्या छापात एका बाजूस कमानींचा चैत्य, त्याखाली नागमोडी रेषा व ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा प्राकृत लेख असून दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे तथाकथित उज्जयिनी चिन्ह आहे.

पुनर्मुद्रांकित नाण्याची ओळख

अशा नाण्यावर दोन राजे एकाच वेळी उपस्थित असतात. वरचा छाप जेथे खोल उमटला तेथे जुनी प्रतिमा दबते. घाव जेथे हलका पडला तेथे ती शिल्लक राहते. त्यामुळे वाचनाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम वरचा छाप निश्चित करावा लागतो. त्यानंतर नाणे हळूहळू फिरवीत तिरप्या प्रकाशात कडेचा भाग पाहावा लागतो, कारण ठोकणाऱ्याने जुन्या प्रतिमेची दिशा पाहून नवा ठसा ठेवलेला नसतो. चैत्याच्या कमानीशेजारी उलटे पडलेले नाक, उज्जयिनी चिन्हाच्या वर्तुळातून डोकावणारे बाणाचे टोक, काठावरची दोन-तीन ग्रीक अक्षरे अशा अवशेषांवरून मूळ नाण्याची ओळख पटते.

बनावट नाणी ओळखण्यासही हीच दृष्टी उपयोगी पडते. घावाने पाडलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो व काठाला बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. साच्यात ओतून केलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे आणि काठावर साच्याचा सांधा आढळू शकतो. मात्र कोणत्याही एका खुणेवरून निर्णय देणे धोक्याचे असते. वजन, धातू, अक्षरवटिका आणि घडण यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पुराव्याचे बळ व मर्यादा

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, असे या निधीवरून सामान्यतः सांगितले जाते. तथापि पुनर्मुद्रांकन एवढेच सिद्ध करते की, नवा छाप मारणाऱ्याच्या वेळी जुनी नाणी मोठ्या प्रमाणात हाताशी होती. मूळ राजा त्या वेळी जिवंत होता की नाही, हे नाणे सांगत नाही. त्यासाठी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांकडे वळावे लागते. गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातील लेखात, पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. हा उषवदात म्हणजे नहपानाचा जामात असे मानले जाते. गौतमी बलश्रीचा लेख तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगतो. निधीत नहपानानंतरच्या कोणत्याही क्षत्रपाचे नाणे नाही, ही बाब या लेखांशी जुळते. नाणी आणि शिलालेख परस्परांना आधार देतात तेव्हाच निष्कर्ष भक्कम होतो.

कालनिर्णयाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. नहपानाच्या काळातील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे आढळतात. ती शक संवताची मानल्यास इ.स. ११९ ते १२४ हा काळ येतो. ‘पेरिप्लस’मधील राजाचे नाव नहपानाचेच मानणारे काही अभ्यासक त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेतात. नाण्यांवर वर्ष नसल्याने केवळ या निधीच्या आधारे हा वाद मिटणे शक्य नाही.

मुखवट्यांचा प्रश्नही असाच बोधप्रद आहे. चेहऱ्यांतील वयाचे व ठेवणीचे फरक स्कॉट यांनी नोंदविले आणि ही चित्रे एकाच व्यक्तीची नसावीत असा तर्क केला. ठसे कोरणाऱ्या निरनिराळ्या कारागिरांच्या हातांमुळेही असे फरक संभवतात. एकेकटे नाणे पाहणाऱ्यास हा प्रश्न पडलाच नसता. हजारो नाणी एकत्र असल्यामुळेच तो उपस्थित झाला.

न ठोकलेल्या सुमारे चार हजार नाण्यांचाही स्वतंत्र विचार करावा लागतो. जुनी व नवी दोन्ही रूपे एकाच साठ्यात असल्याने पुनर्मुद्रांकन पूर्ण होण्यापूर्वी हा निधी जमा झाला असावा, किंवा दोन्ही प्रकारची नाणी काही काळ सोबत चालत असावीत, असे दोन तर्क संभवतात. उषवदाताच्या नाशिक लेखात ७०,००० कार्षापणांचे मूल्य २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असे दिले आहे. एवढ्या व्यवस्थित चलनव्यवहारात सर्व चांदी वितळविण्यापेक्षा तीच नाणी पुन्हा ठोकणे नव्या सत्तेस सोयीचे वाटले असावे.

संग्राहक, बाजार आणि निधीची एकात्मता

बाजारात चैत्य स्वच्छ उमटलेल्या नाण्यास मागणी असते. जुना मुखवटा व नवा छाप यांची सरमिसळ झालेले नाणे ‘खराब’ ठरते. इतिहासाच्या दृष्टीने नेमके हेच नाणे अधिक बोलके असते. चिंच, लिंबू किंवा आम्लाने नाणे उजळविल्यास काठावरची पुसट अक्षरे कायमची नाहीशी होऊ शकतात. निधी फुटून नाणी सुटी विकली गेली की किती ठोकलेली, किती न ठोकलेली, सोबत काय होते, ही माहिती परत मिळत नाही. जोगलटेंभीचा निधी मोजला गेला नसता, तर त्यातील प्रत्येक नाणे आजही ओळखता आले असते. परंतु सुमारे सत्तर टक्के नाणी पुन्हा ठोकलेली होती, ही बाब कोणासही कळली नसती.

इ.स. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. इ.स. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाखाली शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात. कायदा असला तरी शेत नांगरताना मडके सापडलेल्या शेतकऱ्यापर्यंत त्याचा हेतू पोहोचणे आवश्यक आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग या कामी मोलाचे साहाय्य करू शकतात.

निष्कर्ष

१. पुनर्मुद्रांकित नाण्याची ओळख वरच्या छापापाशी थांबत नाही. खालचा अवशेष वाचल्याखेरीज ती अपूर्ण राहते.

२. जोगलटेंभीचा निधी सत्तांतराची साक्ष देतो. ते कसे व कोणाच्या हयातीत घडले, हे ठरविण्यास शिलालेखांची जोड लागते.

३. निधीचे ऐतिहासिक मूल्य त्यातील नाण्यांच्या बेरजेहून अधिक असते. म्हणून नाणी स्वच्छ करण्यापूर्वी, वाटली जाण्यापूर्वी त्यांचे ठिकाण, संख्या, वजन व छायाचित्रे यांची नोंद होणे हे नाणेसंग्रहाचे पहिले कर्तव्य ठरते.