चाकणच्या पलीकडचा खेड तालुका

पुणे-नाशिक महामार्गावर मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला, की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका सुरू होतो. शहरातील बहुतेकांना या तालुक्याची ओळख चाकणची औद्योगिक वसाहत, आळंदीचे समाधी मंदिर आणि भीमाशंकरचे ज्योतिर्लिंग या तीन ठिकाणांपुरतीच असते. ही तिन्ही ठिकाणे एकाच तालुक्यात आहेत, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. वाहन उद्योगाला जमीन आणि पुण्याला पाणी पुरविणाऱ्या या तालुक्याचा इतिहास मात्र कारखान्यांपेक्षा कितीतरी जुना आहे.

तीन पट्ट्यांची भूमी

तालुक्याचा विस्तार पूर्व-पश्चिम लांबट आहे. पश्चिमेस सह्याद्रीची धार व तिच्याखाली कोकण, उत्तरेस आंबेगाव, पूर्वेस शिरूर, तर दक्षिणेस मावळ आणि हवेली तालुके आहेत. पश्चिमेचा डोंगरपट्टा मुसळधार पावसाचा. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा भोरगिरीवरून खाली उतरते आणि वाडा, चास या गावांच्या परिसरातून राजगुरुनगरला येते. तिच्या दक्षिणेला भामा नदीचे खोरे आहे. इंद्रायणी तालुक्याच्या दक्षिण सीमेजवळून आळंदीला स्पर्श करून जाते. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस कमी होतो आणि माळरान सुरू होते.

पिकेही पावसाप्रमाणे बदलतात. डोंगरात भात, नाचणी आणि हिरड्याचे उत्पन्न. मधल्या व पूर्वेकडच्या पट्ट्यात कांदा, बटाटा, बाजरी, ज्वारी. पश्चिमेच्या वाड्या-वस्त्यांवर महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाज राहतो. भीमाशंकरचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे हे प्रमुख आश्रयस्थान. येथील अनेक राया देवाच्या नावाने राखल्या गेल्या, म्हणूनच त्या टिकल्या.

संग्रामदुर्ग ते राजगुरुवाडा

चाकणचे महत्त्व वाटेवरचे. जुन्नरकडून पुण्याकडे आणि घाटांतून कोकणात जाणाऱ्या मार्गांवर लक्ष ठेवता येईल, अशा जागी येथील भुईकोट, म्हणजेच संग्रामदुर्ग, उभा आहे. बहामनी सरदार मलिक-उत-तुजार याने १४५३ मध्ये येथे तळ दिला होता. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी जवळपास दोन महिने तो झुंजविला. भर पावसाळ्यात मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हाच किल्ला पडला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. आज खंदकाचा काही भाग, तटबंदी आणि बुरूज एवढेच अवशेष उरले आहेत.

मराठेशाहीचे वळण ठरविणारा एक प्रसंगही याच भूमीवर घडला. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा आणि महाराणी ताराबाईंच्या सैन्याचा सामना १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडजवळ भीमाकाठी झाला. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि साताऱ्याच्या गादीचा मार्ग मोकळा झाला.

पुढील शतकातील तीन मोठ्या घराण्यांचे धागे या तालुक्यात सापडतात. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई चासच्या जोशी घराण्यातल्या. बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ गाव दावडी. वाफगावच्या होळकरांच्या भुईकोटात १७७६ मध्ये यशवंतराव होळकरांचा जन्म झाला. याच यशवंतरावांनी १८०२ मध्ये पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. भीमाशंकरच्या देवळातील पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसई मोहिमेची आठवण सांगते.

तालुक्याच्या मुख्य गावाचे नाव मात्र एका सरदाराचे नव्हे, तर क्रांतिकारकाचे आहे. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी खेड येथे झाला. भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह २३ मार्च १९३१ रोजी त्यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. त्यांच्या स्मरणार्थ गावाचे नाव राजगुरुनगर झाले. तालुक्याचे नाव मात्र खेडच राहिले. भीमाकाठचा राजगुरुवाडा आज संरक्षित स्मारक आहे.

संत, बाजार आणि घाट

आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी संजीवन समाधी घेतली. कार्तिकी वारी आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीचे पालखी प्रस्थान या दोन प्रसंगी हे छोटे नगर लाखो वारकऱ्यांनी भरून जाते. चाकणच्या पश्चिमेला भामचंद्र डोंगर आहे. तुकाराम महाराजांना येथे साक्षात्कार झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. औद्योगिक वसाहत डोंगराच्या पायथ्यापर्यंत सरकू लागली, तेव्हा वारकऱ्यांनी आंदोलन केले होते.

चाकणचा शनिवारचा बाजार कांद्यासाठी आणि जनावरांसाठी जिल्हाभर प्रसिद्ध आहे. यात्रेत बैलगाडा शर्यतीचा ‘घाट’ नसेल, तर ती यात्राच नव्हे, असे मानणारी गावे या भागात पुष्कळ. निमगावच्या खंडोबाचा घाट त्यांत मानाचा. न्यायालयीन बंदीमुळे २०१४ पासून हे घाट ओस पडले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली.

कारखाने आले, गावे बदलली

पिंपरी-चिंचवडमधील जागा अपुरी पडू लागल्यावर औद्योगिक विकास महामंडळाने चाकण परिसरात भूसंपादन सुरू केले. बजाज ऑटोपाठोपाठ फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे प्रकल्प आले. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांनी महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी, वराळे ही गावे व्यापली.

जमिनीचा मोबदला मिळालेल्या कुटुंबांनी चाळी बांधल्या, वाहने घेतली, वाहतुकीचे व कामगार पुरविण्याचे ठेके मिळविले. ज्यांची जमीन थोडी, त्यांच्या हाती मात्र काही वर्षांत ना पैसा उरला ना शेत. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार त्या चाळींतील खोल्यांत दाटीने राहतात. त्यांतील बहुतेकांची नोकरी कंत्राटी. चाकणला नगर परिषद मिळाली ती २०१५ मध्ये. भोवतालच्या गावांचा कचरा, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांचा भार ग्रामपंचायतींवरच राहिला. तळेगाव चौकातील वाहतूक कोंडी हा त्याच अपुऱ्या नियोजनाचा दृश्य भाग होय.

कन्हेरसर, निमगाव, दावडी परिसरातील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचा १५ टक्के परताव्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. तालुक्यात प्रस्तावित असलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ मात्र विरोध व तांत्रिक अडचणींमुळे बारगळला आणि २०१६ मध्ये पुरंदरला हलविण्यात आला.

पाणी कोणाचे?

भीमेवरील चासकमान आणि भामेवरील भामा-आसखेड ही तालुक्यातील दोन मोठी धरणे. चासकमानचे पाणी कालव्याने शिरूरपर्यंत जाते. भामा-आसखेडमधून पुण्याच्या पूर्व भागाला पाणी देणारी योजना १ जानेवारी २०२१ रोजी कार्यान्वित झाली. पिंपरी-चिंचवडसाठीही याच धरणात कोटा राखीव आहे. जलवाहिनीचे काम चालू असताना धरणग्रस्तांनी ते अनेकदा बंद पाडले. त्यांची मागणी साधी होती : पाणी शहरात पोहोचण्याआधी पुनर्वसनाची जमीन आमच्या नावावर व्हावी.

दुसरीकडे, शहराच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याने फेसाळलेली इंद्रायणी आळंदीच्या घाटावर येते आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. धरणातले स्वच्छ पाणी शहराकडे जाते, शहरातले मैले पाणी तालुक्याकडे येते. खेडच्या विकासाचा हिशेब मांडताना कारखान्यांच्या संख्येबरोबरच ही देवघेवही जमेस धरावी लागेल.